डिस्कवरची फुली

जोतीरामांनी छोटी हातोडी उचलली आणि तारेला टांगलेल्या ब्रेकच्या डिस्कच्या कडेवर अलगद मारली.

खण्ण...

आवाज गॅरेजच्या पत्र्याखाली लांबत गेला. तो पुरता विरेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग डिस्क बोटभर फिरवून दुसऱ्या जागी मारली, तिसऱ्या जागी मारली. तिन्ही वेळा तोच स्वच्छ आवाज. कुठेही बद्द वाजली नाही.

"ऐकलास?"

"ऐकलं की, काका." अमरसिंह गाडीखालून सरकत बाहेर आला. "मस्त वाजतीया."

"तेच म्हंतोय मी. मस्त वाजतीया. मग चार महिन्यांत झिजली कशी?"

 बोळ्याने अमरसिंह एकेक बोट पुसत बसला. जोतीरामांनी शर्टाच्या खिशातून जाडी मोजायचे व्हर्निअर काढले. डिस्कच्या मागच्या बाजूला ओतीव अक्षरांत लिहिले होते : किमान वीस मिलिमीटर. नवी असताना ती बावीस होती. आता व्हर्निअर एकोणीस पूर्णांक चार दाखवत होते. दुसरीही एकोणीस पूर्णांक चार. पृष्ठभागावर निळसर झाक आली होती, तापलेल्या सुरीच्या पात्यावर येते तशी.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत जोतीरामांनी चौतीस वर्षे हेच काम केले होते. भट्टीतून ओतून आलेली, वाळू झाडलेली कास्टिंगं समोर यायची. ती टांगायची, ठोकायची, ऐकायची. आत बारीकशी चीर असली तरी आवाज बद्द यायचा. चांगल्या मालावर खडूने गोल, वाईट मालावर फुली. फुलीचा माल पुन्हा भट्टीत. ब्रेकच्या डिस्क तर त्यांच्या हातून लाखांनी गेल्या असतील. आणि आता त्यांच्या स्वतःच्या जुन्या, पांढऱ्या गाडीने सोळा महिन्यांत तीन जोड्या खाल्ल्या होत्या.

पहिली जोडी सर्व्हिस सेंटरमध्ये बदलली, ती सात महिने टिकली. तिथल्या टाय लावलेल्या पोरीने संगणकाकडे बघत सांगितले, "सर, ड्रायव्हिंग स्टाइलमुळे होतं." तिला चार शब्द ऐकवून जोतीराम तिथून जे उठले ते पुन्हा त्या दारात गेले नाहीत. दुसरी जोडी अमरसिंहाने आणली, ती पाच महिन्यांत गेली. तो माल बोगस, असे ठरवून तिसरी जोडी त्यांनी आपल्या जुन्या फौंड्रीतून स्वतः निवडून आणली. बारा डिस्क ठोकून त्यातल्या दोन घेतल्या. कुणावर विश्वास ठेवायचा प्रश्नच ठेवला नाही. आणि त्याच आज समोर टांगल्या होत्या.

"काका, खरं सांगू का? गाडी मी चालवून बघितली. कळंब्यापातूर जाऊन आलो. लोण्यागत चालतीया. चाकं गरम न्हाईत, आवाज न्हाई, थरथर न्हाई."

"म्हंजे माझ्याच हातात थरथरतीया व्हय? पेट्रोलबी मलाच जास्त लागतंय, पंपवाला चोर हाय म्हून. सगळी मिळून मलाच गाठलाईसा?"

कोपऱ्यात स्टुलावर एक चंदगडकडचा माणूस आपल्या जीपची वाट बघत बसला होता. त्याला राहवले नाही. "पावणं, गाडी इका आन् म्हस घ्या. म्हशीला ब्रेक लागत न्हाई, पॅड लागत न्हाई. आन् वर दूध देतीया."

"आन् म्हशीवर बसवून चार पोरी कुरुंदवाडला न्हेऊ?" जोतीराम तडकले. "शनिवारी मॅच हाय नातीची. पोरी माझ्या गाडीतनं जानार. परवा दारात गाडी लावताना ब्रेक लागलाच न्हाई. पाण्याचा ड्रम फोडला. ड्रमाजागी पोरगी असती तर?"

 अमरसिंहाने बोळा खाली ठेवला. "ब्रेक लागला न्हाई म्हंजे कसं, काका? पेडल खाली गेलं?"

"लागला न्हाई म्हंजे लागला न्हाई! दाबला, तर गाडी उलट पुढं उडाली. तुझ्या हातात काम ऱ्हायलं न्हाई, अमर. तुझा बा असता तर दोन मिंटांत सांगितलं असतं."

बोलून गेल्यावर त्यांना ते लागले, पण मागे घेतले नाही. खिशातला खडू काढून त्यांनी दोन्ही डिस्कवर ठसठशीत फुली मारली. एक तिथेच भिंतीला टेकवली, दुसरी गोणपाटात गुंडाळली. "तू नवी जोडी घालून ठेव. मी जरा हिचं पोट फाडून बघून येतो."

*

फौंड्रीचे मालक तात्यासाहेब आता क्वचितच यायचे. प्रयोगशाळा आणि माल तपासणी त्यांची मुलगी रुचिता बघायची. ती पुण्यात धातुशास्त्र शिकून आली होती. लहानपणी ती वडिलांबरोबर यायची तेव्हा जोतीराम तिला हातोडी देऊन कास्टिंगं ठोकायला लावायचे.

"जोतीकाका, तुम्ही निवडलेली डिस्क परत आली?" ती हसली. "मग आम्ही दुकान बंदच करायचं."

"हसू नकोस, बाळ. काप ती."

तिने डिस्कचा तुकडा कापायला लावला. एका बाजूला पोलादी गोळी दाबून कडकपणा मोजला. बरोबर होता. मग तुकडा आरशासारखा घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि खुर्ची जोतीरामांना दिली. करड्या लोखंडात ग्राफाइटच्या काळ्या पाकळ्या शेवया विस्कटल्यासारख्या सारख्या पसरल्या होत्या. असे सुंदर लोखंड त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. त्यांची छाती क्षणभर फुगली.

"आता कड बघा," रुचिताने तुकडा सरकवला. कडेला चित्र बदलले होते. केसासारख्या चिरा, आणि शेवया विरघळल्यासारख्या. "हे तापून झालंय, काका. एकदा-दोनदा करकचून ब्रेक मारून नव्हे. रोज, थोडं थोडं, सतत. तव्यासारखं. थंड व्हायला वेळच मिळालेला नाही."

"ब्रेकचा कॅलिपर डिस्कला आवळून बसला असंल."

"एक अडकला असता, तर एकच डिस्क झिजली असती. दोन्ही सारख्या आहेत म्हणालात ना? एकोणीस पूर्णांक चार. मोजलं कुणी?"

"मी."

"मग चूक असायची नाही."

जोतीरामांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

"घाटात जाता का? उतारावर ब्रेकवर पाय राहतो कधीकधी."

"घाट कुठला? सकाळी ग्राउंड, मग तिची शाळा, सांजच्याला बिद्रीच्या वाटंवर भावाच्या मळ्यातनं दूध. सगळा सपाट रस्ता. आन् पाय कशाला ऱ्हाईल? पाय काय माझा न्हाई?"

 ते निघताना रुचिताने सहज विचारले, "साखर कशी आहे तुमची?"

"झकास. पायाला मुंग्या यायच्या न्हवं? दिवाळीपासनं त्याबी बंद झाल्या. गोळ्या लागू पडल्या."

मोल्डिंग शॉपमधून ते बाहेर निघाले. जमिनीवर काळी वाळू पसरली होती. एका बाजूला नुकतीच साच्यातून काढलेली कास्टिंगं वाफाळत पडली होती, आणि त्यांचे गरम तुकडे इकडेतिकडे उडाले होते. मागून कुणीतरी ओरडले, "ओ पावणं! पावणं, चप्पल!"

चौतीस वर्षे घालवलेल्या जागी आपल्याला पावणं म्हणतात, याचाच त्यांना आधी राग आला. मग त्यांनी वळून पाहिले. एक कामगार त्यांची उजवी चप्पल हातात धरून उभा होता, तीस-चाळीस पावले मागे. आणि तिथपासून त्यांच्यापर्यंत काळ्या वाळूत पावले उमटली होती : डावीकडे कोल्हापुरी चपलेचा रुंद ठसा, उजवीकडे अनवाणी पाय, पाच बोटांसकट. अगदी साच्यात दाबून काढल्यासारखी स्वच्छ.

"अंगठा सैल झालाय चपलेचा," जोतीराम म्हणाले.

कामगाराने चपलेचा अंगठा बोटाने ओढून बघितला. तो घट्ट होता. पण म्हातारा माणूस म्हणून त्याने चप्पल नुसती त्यांच्या पायाशी ठेवली.

*

घरी आल्यावर ते मोरीत बसून पाय धुऊ लागले. काळी वाळू निघाली आणि उजव्या तळव्यावर, बोटांच्या खाली, रुपयाएवढा पांढरा फोड दिसला. गरम तुकड्यावर पाय पडला होता. केव्हा?

त्यांनी अंगठ्याने फोड दाबला. काही नाही. नखाने दाबला. नख आत रुतलेले दिसत होते, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी पायात रुतल्यासारखे.

"काय बघतासा एवढं?" त्यांच्या बायकोने, तानाबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारले. "पानी गार झालं असंल."

"काय न्हाय. माती हाय."

नात क्रांती दारातच बूट उतरवत होती. बारा वर्षांची पोर, गुडघे कायम सोललेले. "आबा, शनिवारी सहाला निघायचं हां! सर म्हणले, आम्ही चौघी तुमच्या गाडीतनं आणि बाकीच्या जीपनं. मी पुढं बसणार, आधीच सांगून ठेवलंय सगळ्यांना."

"बस की."

"ब्रेक झालं नीट?"

जोतीरामांनी पायावर तांब्याभर पाणी ओतले. पाणी थंड होते की कोमट, हे त्यांना हात लावल्यावर कळले.

"उद्या कळंल," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते खुर्चीवर टेकले नाहीत. अंगणात गेले, आत आले. फुटक्या ड्रमजवळ उभे राहून त्यांनी ती सकाळ पुन्हा आठवून बघितली : पाय ब्रेकवर होता. नक्की होता. नक्की म्हणजे कशावरून? त्यांनी खाली बघितलेले नव्हते. पायाने सांगितले होते. आणि मुंग्या थांबल्या म्हणून ते डॉक्टरांना स्वतःहून, हसत सांगून आले होते की आता पुढच्या तपासणीची गरज नाही.

*

शुक्रवारी ते गॅरेजात पोहोचले तेव्हा अमरसिंह जरा घुश्शातच होता. "जोडी घातलीया. किल्ली तिथं हाय."

"तुझी मोटरसायकल काढ," जोतीराम म्हणाले. "मी गाडी चालवतो, तू मागनं ये. रंकाळ्यापातूर. फकस्त माझा मागचा लाल दिवा बघायचा. कवा लागतोय, कवा इझतोय. दुसरं काय बघू नकोस."

अमरसिंहाने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि हेल्मेट घेतले.

जोतीरामांनी इतकी सावध गाडी आयुष्यात चालवली नव्हती. सिग्नल सोडला तर ब्रेकची गरज पडू नये अशा बेताने, पुढच्या रिक्षापासून लांब राहून. उजवा पाय फक्त ॲक्सिलरेटरवर, हे ते मनातल्या मनात म्हणत होते. रंकाळ्याच्या कठड्याशी त्यांनी गाडी उभी केली. अमरसिंह शेजारी येऊन थांबला. हेल्मेट काढले आणि तळ्याकडे बघू लागला.

"सांग की."

"काका..."

"दिवा कुठनं लागला?"

"गॅरेजच्या गेटापासनं."

"आन् इझला कुठं?"

"हितं. तुम्ही पाय काढलासा तवा."

"मधी एकदाबी न्हाई?"

"न्हाई."

"स्विच अडकला असंल. बघ."

अमरसिंहाने वाकून ब्रेकच्या पेडलामागचा स्विच तपासला. हाताने पेडल चारदा दाबले, चारदा सोडले. मागे कठड्याच्या दगडावर लाल उजेड चारदा पडला, चारदा गेला.

"चप्पल रुंद हाय तुमची," अमरसिंह पटकन म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती. "कड अडकत असंल ब्रेकवर. हुतंय तसं कोल्हापुरीनं. काढून चालवा बघू."

जोतीरामांनाही ते पटले. पटावेसे वाटले. चपला मागच्या सीटवर टाकून ते अनवाणी परत निघाले. गॅरेजात शिरताना त्यांनी आरशात पाहिले. मागे अमरसिंहाच्या हेल्मेटच्या काचेवर एक लाल ठिपका होता. तो हलत होता, पण विझत नव्हता.

गाडी थांबवून, पाय होता तिथेच ठेवून, त्यांनी पहिल्यांदा खाली वाकून बघितले. टाच मधोमध होती. तळव्याची अर्धी बाजू ॲक्सिलरेटरवर आणि अंगठ्याकडची कड ब्रेकवर, दोन्हीकडे सारखी, जणू एकाच रुंद पेडलावर ठेवावी तशी. त्यांना विचारले असते तर त्यांनी शपथेवर सांगितले असते की पाय एकाच पेडलावर आहे.

"अमर, शटर जरा खाली ओढ."

ते सीटवर आडवे वळून दोन्ही पाय बाहेर सोडून बसले. खिशातून हातोडी काढून त्याच्या हातात दिली.

"तळव्यावर मार. अलगद. डिस्कवर मारतो तशी. मी डोळं मिटतो. लागलं की सांगतो."

"काका, कशाला हे... दवाखान्यात जाऊया की."

"जाऊया. आधी मार."

त्यांनी डोळे मिटले. चौतीस वर्षे मिटत आले होते तसे, कान पुढे करून. अर्ध्या शटरखालून उद्यमनगर ऐकू येत होते : शेजारचे लेथ, कुणाचा तरी ग्राइंडर, टेम्पो मागे घेताना ओरडणारा माणूस. त्या सगळ्यात एक बारीक टकटक होती. ती नेहमीचीच कुठलीतरी असेल. ते वाट बघत राहिले.

"हाण की."

ती टकटक थांबली.

"अमर, हाण की मर्दा. पाय हाय, काच न्हवं."

"हाणलं, काका." त्याचा आवाज खालून आला. तो उकिडवा बसला होता. "चारदा."

जोतीरामांनी लगेच डोळे उघडले नाहीत. "डावा बघ," ते म्हणाले. डाव्यावर मारल्यावर कळले, पण लांबून कुणी रजईवरून बोट लावावे इतकेच.

मग त्यांनी डोळे उघडले. सात महिने, पाच महिने, चार महिने. कुणी आकडे नीट मांडून समोर ठेवावेत तसे ते त्यांना आता दिसले. प्रत्येक जोडी आधीच्यापेक्षा लवकर गेली होती. त्यांनी टाय लावलेल्या पोरीला ऐकवले, पंपवाल्याला ऐकवले, अमरसिंहाचा मेलेला बाप काढला. डिस्क मात्र रोज तापून तेवढेच सांगत होत्या.

भिंतीला टेकवलेली कालची डिस्क तशीच होती. ते उठले, चपला घातल्या, घातल्याची खाली बघून खात्री केली आणि तिच्याजवळ गेले. अंगठा जिभेला लावून त्यांनी फुली पुसली. खडू निळसर लोखंडात बसला होता, पुरता निघेना. त्यांनी शर्टाच्या बाहीने घासला. मग खिशातला खडू काढून तिथे गोल काढला आणि खाली, तपासणी वहीत करायचे तशी, आपली आद्याक्षरे आणि तारीख टाकली.

"ही भंगारात टाकू नकोस," ते म्हणाले. "झिजलीया, पन माल चांगला हाय. कामबी चांगलं हाय."

अमरसिंह समजला. त्याने मान हलवली.

जोतीरामांनी गाडीची किल्ली काढली. तिला क्रांतीने अडकवलेला छोटा रबरी फुटबॉल होता. किल्ली त्यांनी तळहातावर जराशी तोलली.

"उद्या सकाळी सहाला मोकळा हाईस?"

"हाय की. काय काम हाय?"

"कुरुंदवाडला जायचंय. चार पोरी. एक पुढं बसनार, तिनं आधीच सांगून ठेवलंय."

अमरसिंहाने मनात गाडी भरली : चालवायला तो, पुढे एक, मागे तीन. "मग तुम्ही कुठं बसनार, काका?"

"मी एस्टीनं येतो. मॅच काय सहाला सुरू हुत न्हाई."

किल्ली त्याच्या हातात देऊन ते शटरखालून वाकून बाहेर पडले. उन्हात उभे राहून त्यांनी रस्ता बघून घेतला. अमरसिंह रिक्षा बोलवायला निघाला होता, त्याला त्यांनी हातानेच नको म्हटले. मग ते उद्यमनगरच्या त्या ओळखीच्या रस्त्याने बस स्टॉपकडे चालू लागले, ताठ, नेहमीच्याच चालीने. फक्त दर चार पावलांनी ते एकदा खाली बघत होते, उजवी चप्पल पायात आहे ना ते.